मैदानावर कुणी गंभीर जखमी झालं, तर बाकीच्यांनी कसं वागायचं?

फुटबॉलचे नियम सतरा. त्यातला पाचवा नियम पंचाबद्दलचा, आणि जखमी खेळाडूचं काय करायचं तेही तिथेच थोडक्यात उरकलंय. दुखापत किरकोळ असेल तर चेंडू मैदानाबाहेर जाईपर्यंत खेळ चालू द्यायचा. गंभीर वाटली तर लगेच शिट्टी मारायची, खेळ थांबवायचा आणि खेळाडूला बाहेर नेण्याची व्यवस्था करायची. एरवी उपचार मैदानाबाहेरच घ्यायचे असतात, पण गोलकीपर जखमी असेल, एकाच संघाचे दोन खेळाडू एकमेकांवर आदळले असतील किंवा दुखापत जबर असेल, तर जागेवर उपचार करायला मुभा आहे.

नियम एवढं सांगतात आणि थांबतात. ज्याच्या टॅकलने, म्हणजे चेंडू हिसकावायला घातलेल्या पायाने, समोरच्याचा पाय मोडला त्याने काय करायचं? जखमीच्या सोबत्यांनी काय करायचं? दुसऱ्या संघाच्या कर्णधाराने, प्रशिक्षकाने, स्टँडमध्ये बसलेल्या हजारो लोकांनी काय करायचं? हे कुठेच लिहिलेलं नाही. खेळाडूंनीच ते पिढ्यान्‌पिढ्या घडवत आणलंय, कधी अभिमान वाटावा असं, कधी मान खाली जावी असं.

याला आपण खिलाडूवृत्ती म्हणतो आणि ती अंगातच असावी लागते असं मानून मोकळे होतो. मला ते पटत नाही. अशा प्रसंगी माणसं चुकीची वागतात, त्यातला फार मोठा भाग अज्ञानाचा असतो. काय झालंय ते कळत नाही, काय करायचं ते आधी कुणी सांगितलेलं नसतं, आणि समोर मित्र विव्हळत असताना डोकं चालत नाही. म्हणजे हे शिकवता येतं, आणि शिकवायलाच हवं.

एक प्रसंग नीट पाहू. ३ नोव्हेंबर २०१९, लिव्हरपूलमधलं गुडिसन पार्क, एव्हर्टन विरुद्ध टॉटनहॅम. सामना संपायला दहा-बारा मिनिटं राहिलेली, टॉटनहॅम एका गोलने पुढे. एव्हर्टनचा मध्यरक्षक आंद्रे गोमेस चेंडू घेऊन निघाला होता. टॉटनहॅमचा कोरियन आघाडीपटू सोन ह्युंग-मिन त्याच्यामागे धावला आणि घसरत जाऊन त्याने टॅकल केलं. गोमेसचा तोल गेला, तो पुढे कोसळताना सर्ज ऑरिये या दुसऱ्या खेळाडूशी त्याची टक्कर झाली आणि उजव्या पायाचा घोटा निखळून मोडला. जवळच्या खेळाडूंनी पाहिलं आणि डोक्याला हात लावले. सोनने पाहिलं आणि तो हादरलाच. दोन्ही हातांनी चेहरा झाकून तो रडत होता.

पंच मार्टिन ॲटकिन्सन यांनी आधी पिवळं कार्ड काढलं होतं. गोमेसची अवस्था लक्षात आल्यावर त्यांनी ते बदलून लाल केलं. सोनच्या टॅकलमुळे पुढे जे घडलं त्यातून खेळाडूची सुरक्षितता धोक्यात आली, असं कारण प्रीमियर लीगकडून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या स्पर्धेकडून, देण्यात आलं. दोनच दिवसांनी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ते लाल कार्ड रद्द केलं.

का रद्द केलं? इथेच बहुतेक प्रेक्षकांची गल्लत होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. फाउल किती गंभीर हे ठरवायला बाराव्या नियमात तीन पायऱ्या आहेत. पहिली, निष्काळजीपणा: खेळाडूने पुरेसं लक्ष दिलं नाही, समोरच्याला लागलं. फाउल होतो, फ्री किक मिळते, पण कार्ड नाही. दुसरी, बेपर्वाई: समोरच्याला धोका आहे याची पर्वा न करता तो घुसला. पिवळं कार्ड. तिसरी, अवाजवी ताकद किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात घालणारी कृती. लाल कार्ड. या तिन्ही पायऱ्या खेळाडूने काय केलं यावर आहेत. समोरच्याचं हाड मोडलं की नाही, हा निकषच नाही. गल्लीतून सावकाश चाललेल्या स्कूटरचा जरासा धक्का लागून एखाद्या आजोबांचा खुबा मोडू शकतो, आणि सिग्नल तोडून भरधाव सुटलेल्या पोराचा कुणालाच धक्का लागत नाही. बेपर्वा कोण, हे आपण हाडावरून ठरवत नाही. तसंच मैदानावर. बुटाचे खिळे समोर धरून गुडघ्याच्या उंचीवर मारलेली उडी चुकली, कुणाला साधं खरचटलंही नाही, तरी लाल कार्ड निघू शकतं. आणि साध्या, रोज दहा वेळा होणाऱ्या टॅकलमध्ये पाय विचित्र अडकून घोटा मोडू शकतो.

म्हणजे कृती, हेतू आणि परिणाम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचाने पाहायची ती कृती. हेतू खेळाडूच्या मनात, तो बाहेरून फार क्वचित कळतो. परिणामात नशिबाचा वाटा मोठा. दुखापतीनंतर लोक जे तोंडाला येईल ते बोलतात, त्यातलं नव्वद टक्के परिणामावरून हेतू ठरवण्यातून आलेलं असतं. पाय मोडला, म्हणजे याने मोडायचाच ठरवलं होतं. एकदा का हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं वागणं बिघडतं.

त्या संध्याकाळी गुडिसन पार्कवर ते बिघडलं नाही, आणि त्याचं श्रेय एव्हर्टनचा कर्णधार शेमस कोलमनला द्यायला हवं. सामना संपल्यावर तो टॉटनहॅमच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला, सोनला भेटायला. स्वतःच्या संघातला माणूस हॉस्पिटलमध्ये, आणि कर्णधार ज्याच्या टॅकलमधून हे झालं त्याला धीर द्यायला जातो! कोलमनला हे जमलं याला एक पार्श्वभूमी होती. मार्च २०१७ मध्ये डब्लिनला आयर्लंडकडून वेल्सविरुद्ध खेळताना नील टेलरच्या टॅकलने कोलमनचा स्वतःचा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि परत खेळायला त्याला जानेवारी २०१८ उजाडला. ते टॅकल सोनच्या टॅकलपेक्षा कितीतरी वाईट होतं. पाय मोडलेल्या माणसाच्या वाट्याला काय येतं हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी तो सोनच्या दारात उभा राहिला. मला फुटबॉलमध्ये याहून मोठं वागणं फारसं आठवत नाही.

तीन दिवसांनी टॉटनहॅमचा सामना बेलग्रेडला रेड स्टारशी होता. सोनने गोल केला. आनंद साजरा करण्याऐवजी तो कॅमेऱ्याजवळ आला, हात जोडले, मान झुकवली. गोमेससाठी. गोमेस चार महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०२० मध्ये, पुन्हा मैदानात उतरला.

टॅकल करणाऱ्याने काय करावं, हे सोनच्या वागण्यातून बरंचसं कळतं. त्या क्षणी आपली बाजू मांडायची नाही. "मी चेंडूवरच गेलो होतो" हे पंचाला ओरडून सांगायची ती वेळच नसते. हात वर करून वैद्यकीय पथकाला बोलवायचं आणि बाजूला व्हायचं, कारण जखमीभोवती गर्दी नको असते. त्याच्या सोबत्यांचा राग उसळला असेल तर आपल्या संघातल्या कुणीतरी मधे पडून आपल्याला दूर न्यायचं. माफी नंतर मागायची, पण मागायची नक्की, आणि "पण" हा शब्द न वापरता. फेब्रुवारी २००८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मार्टिन टेलरच्या टॅकलने आर्सेनलच्या एदुआर्दोचा पाय भयंकर मोडला. टेलर लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, आणि नंतर हॉस्पिटलमध्ये जाऊन एदुआर्दोला भेटला. आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर सामन्यानंतर लगेच म्हणाले होते की टेलरने पुन्हा कधी खेळता कामा नये. त्याच संध्याकाळी त्यांनी ते शब्द मागे घेतले, रागाच्या भरात जास्त बोललो असं कबूल केलं. प्रशिक्षकाने हेही शिकण्यासारखं आहे: सामना संपल्या संपल्या माईक समोर आला की टॅकल करणाऱ्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

उलट टोकाचं उदाहरण १९८२ सालचं. विश्वचषकाची उपांत्य फेरी, स्पेनमधलं सेव्हिल शहर, फ्रान्स विरुद्ध पश्चिम जर्मनी. फ्रान्सचा बदली खेळाडू पात्रिक बातिस्तों एकटा गोलकडे निघाला होता. जर्मन गोलकीपर हाराल्ड शूमाखर पुढे धावत आला, हवेत उडी घेऊन वळला आणि त्याचा कुल्ला बातिस्तोंच्या तोंडावर आदळला. बातिस्तों जागीच बेशुद्ध. दात पडले, मणक्याला इजा झाली. मिशेल प्लातिनीने नंतर सांगितलं की त्याला वाटलं हा मेलाच. स्ट्रेचरवरून नेताना प्लातिनी त्याचा हात धरून चालत होता. पंचांनी काय दिलं? गोल किक. फाउलसुद्धा नाही. आणि शूमाखर आपल्या जागी उभा राहून ती किक मारायची वाट पाहत होता. जखमीजवळ गेला नाही. पुढे जर्मनी पेनल्टींवर जिंकली, आणि बातिस्तोंचे दात पडल्याचं कळल्यावर शूमाखर म्हणाला, एवढंच असेल तर दातांच्या कॅपचे पैसे मी देतो. दोन्ही देशांत प्रकरण इतकं पेटलं की जर्मनीचे चॅन्सलर हेल्मुट श्मिट आणि फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांना संयुक्त निवेदन काढावं लागलं. शूमाखरने नंतर प्रत्यक्ष भेटून माफी मागितली, बातिस्तोंने माफही केलं. तरी चाळीस वर्षांनंतर लोकांना त्या टकरीइतकंच आठवतं ते त्याचं तिथे उभं राहणं. दहा पावलं चालत जाऊन वाकून पाहिलं असतं तर हा इतिहास वेगळा झाला असता असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट फार नासाडी करते: जखमीवर संशय घेणं. सप्टेंबर १९९७ मध्ये लीड्सच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडचा रॉय कीन, लीड्सच्या आल्फ-इंगे हालांडला पाडायला गेला आणि त्यात कीनच्याच गुडघ्याचा लिगामेंट तुटला. हालांड त्याच्या डोक्याशी उभा राहून ओरडला की हा नाटक करतोय. कीन त्या मोसमात पुन्हा खेळू शकला नाही. एप्रिल २००१ मध्ये दोघं पुन्हा समोरासमोर आले, हालांड तेव्हा मँचेस्टर सिटीकडे होता, आणि कीनने त्याच्या गुडघ्यावर जे टॅकल केलं ते पाहायला आजही नको वाटतं. पुढच्या वर्षी आत्मचरित्रात कीनने त्यामागची खुन्नस उघड केल्यावर त्याला पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड झाला. कीनच्या त्या टॅकलला माझ्याकडे काहीही सबब नाही. पण जमिनीवर पडलेल्या माणसाला "ऊठ, नाटक करू नकोस" म्हणणं किती खोल जातं, हे मात्र या प्रकरणातून समजून घ्यावं.

लोक संशय का घेतात तेही खरं आहे. वेळ काढायला, समोरच्याची लय तोडायला खोटं लोळणारे खेळाडू ढिगाने आहेत. नियमात त्याला पिवळं कार्ड आहे, पण पंच फार क्वचित काढतात. खोटं लोळणारा खेळाडू खऱ्या जखमीचा विश्वास खर्च करत असतो. तरीही, कोण खरं आणि कोण खोटं हे ठरवणं पंचाचं आणि डॉक्टरचं काम. समोरच्या खेळाडूने ते आपल्या अंगावर घेऊ नये.

चेंडू बाहेर मारण्याची प्रथा याच संशयातून अडचणीत आली. कुणी पडलं की ज्याच्याकडे चेंडू असेल तो मुद्दाम बाहेर मारायचा, उपचार व्हायचे, आणि मग दुसरा संघ थ्रो-इन करून चेंडू सौजन्याने परत द्यायचा. हे सगळं अलिखित. फेब्रुवारी १९९९ मध्ये एफए कप या इंग्लंडमधल्या बाद स्पर्धेच्या सामन्यात शेफील्ड युनायटेडने असाच चेंडू बाहेर मारला. आर्सेनलचा रे पार्लर थ्रो-इनवरून तो परत द्यायला गेला, पण क्लबकडून पहिल्यांदाच खेळणाऱ्या कानूने तो मधेच उचलला, ओव्हरमार्सला दिला आणि ओव्हरमार्सने गोल केला. नियमाप्रमाणे गोल चोख होता. आर्सेनल २-१ जिंकलं. वेंगर यांनी स्वतःहून सामना पुन्हा खेळायची तयारी दाखवली, संघटनेने ती मान्य केली, आणि दहा दिवसांनी आर्सेनल पुन्हा २-१ नेच जिंकलं.

एप्रिल २०१९ मध्ये तर प्रकरण याहून पुढे गेलं. लीड्स विरुद्ध ॲस्टन व्हिला. व्हिलाचा कोजिया पडलेला, सगळ्यांना वाटलं लीड्स चेंडू बाहेर मारणार, पण खेळ चालूच राहिला आणि क्लिखने गोल केला. मैदानावर हमरीतुमरी. लीड्सचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा कडेला उभे राहून आपल्याच खेळाडूंना ओरडून सांगू लागले की त्यांना गोल करू द्या. व्हिलाच्या आडोमाने चेंडू चालत नेला. लीड्सचा बचावपटू पोंटस यानसनला ते सहन झालं नाही, तो अडवायला धावला, पण गोल झाला. सामना १-१. लीड्सची थेट प्रीमियर लीगमध्ये जाण्याची आशा त्या दिवशी संपली. फिफाने त्या वर्षीचा फेअर प्ले पुरस्कार बिएल्सा आणि त्यांच्या संघाला दिला.

त्याच वर्षी नियमही सुधारला. पूर्वी पंचाने खेळ थांबवला की ड्रॉप बॉल, म्हणजे पंचाने हातातून सोडलेला चेंडू, दोन्ही संघांच्या खेळाडूंमध्ये टाकायचे आणि मग सौजन्याचा खेळ सुरू व्हायचा. आता ज्यांच्याकडे चेंडू होता त्यांनाच तो दिला जातो आणि बाकीच्यांनी चार मीटर लांब राहायचं. गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात असेल तर थेट बचाव करणाऱ्या गोलकीपरला. त्यामुळे गंभीर काही दिसलं की खेळाडूने चेंडूचा विचारच करू नये, पंचाला हाक मारावी. खेळ थांबला तरी चेंडू बहुतेक वेळा जाणार नाही. तरी पंचाची शिट्टी येईपर्यंत थांबायचं की नाही, हा प्रश्न खेळाडूच्या हाती राहतोच. डिसेंबर २००० मध्ये वेस्ट हॅमच्या पाओलो दी कानियोसमोर एव्हर्टनचा गोलकीपर पॉल जेरार्ड गुडघा धरून पडला होता. सामना १-१, शेवटचं मिनिट, क्रॉस थेट दी कानियोकडे आलेला. गोल मारण्याऐवजी त्याने चेंडू हाताने झेलला. एव्हर्टनच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

हाड मोडणं वेगळं आणि हृदय थांबणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात वागणूक म्हणजे थेट जीव वाचवणं. १२ जून २०२१, कोपनहेगन, युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. पहिला हाफ संपत आलेला, डेन्मार्कचा ख्रिस्तियान एरिक्सन थ्रो-इनवरून आलेला चेंडू घ्यायला पुढे आला आणि कुणाचा धक्का न लागता पुढच्या पुढे कोसळला. पंच अँथनी टेलर यांनी काही क्षणांत शिट्टी मारून डॉक्टरांना आत बोलवलं. डेन्मार्कचा कर्णधार सिमोन केअर धावत पोचला आणि डॉक्टर येईपर्यंत त्याला सांभाळलं. मग खेळाडूंनी एरिक्सनभोवती कडं केलं, त्याच्याकडे पाठ करून, बाहेर तोंड करून. कित्येक जण रडत होते. आत छाती दाबणं आणि शॉक देणं चालू होतं, आणि जगभरचे कॅमेरे त्यांच्यावर रोखलेले होते. केअर आणि गोलकीपर कास्पर श्मायकेल मैदानात उतरलेल्या एरिक्सनच्या जोडीदाराजवळ गेले आणि तिला सावरलं. फिनलंडच्या प्रेक्षकांनी आडोशासाठी आपले झेंडे दिले. पुढे वाट पाहत असताना फिनलंडचे लोक "ख्रिस्तियान" ओरडायचे आणि डेन्मार्कचे "एरिक्सन" म्हणून उत्तर द्यायचे.

संघाचे डॉक्टर मॉर्टेन बोसेन यांनी नंतर सांगितलं की तो गेलेलाच होता, त्याला परत आणलं. हे शक्य झालं कारण मदत मिनिटांच्या हिशेबात पोचली. हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि शॉक मिळायला जितकं एकेक मिनिट उशीर, तितकी वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. म्हणून फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं: खेळाडू कुणाचा धक्का नसताना कोसळला, हाकेला उत्तर देत नाही, श्वास नीट चालत नाही किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येतोय, तर हृदय थांबलंय असंच धरून चालायचं. सुरुवातीला हातपाय झटके देऊ शकतात, त्याला फिट समजून थांबायचं नाही. जीभ घशात जाईल म्हणून बोटं तोंडात घालण्यात आपल्याकडे बहुमोल वेळ जातो. कांदा, चप्पल, पाण्याचे शिपके, काहीही नको. एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबायला लागायचं आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शॉक द्यायचं यंत्र जवळ असेल तर ते आणायला तिसऱ्याने पळायचं. ते यंत्र बोलून सूचना देतं, डॉक्टर नसलेल्यालाही वापरता येतं. डोकं किंवा मान दुखावली असेल आणि श्वास चालू असेल, तर मात्र उलट: हलवायचं नाही, उठवून बसवायचं नाही.

कोपनहेगनच्या त्या रात्रीचा एक भाग मला आजही खटकतो. एरिक्सन शुद्धीवर आला, हॉस्पिटलमधून खेळाडूंशी बोलला. मग दोन्ही संघांपुढे पर्याय आले: आज रात्रीच उरलेला सामना खेळा किंवा उद्या दुपारी बारा वाजता. खेळाडूंनी त्याच रात्री खेळायचं ठरवलं. साडेआठला डेन्मार्कचा संघ परत मैदानात आला तेव्हा फिनलंडचे खेळाडू त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत उभे होते. केअर थोड्याच वेळाने बाहेर गेला, त्याला खेळणं शक्यच नव्हतं. फिनलंडच्या पोह्यानपालोने मोठ्या स्पर्धेतला आपल्या देशाचा पहिला गोल केला आणि तो साजरा केला नाही. प्रशिक्षक कास्पर युलमंड यांनी पुढे स्पष्ट म्हटलं की त्या रात्री खेळायला नको होतं. मित्र मरताना पाहिलेल्या माणसांना दोन तासांत असला निर्णय घ्यायला लावणं हेच चुकीचं होतं. तो निर्णय संघटनेने घ्यायचा असतो, आणि तो "आज नाही" असाच असायला हवा.

त्यानंतर ते बदललंय. डिसेंबर २०२३ मध्ये बोर्नमथच्या मैदानावर ल्यूटनचा कर्णधार टॉम लॉकयर कोसळला, सामना तिथेच सोडून दिला आणि मार्चमध्ये पहिल्या मिनिटापासून खेळवला. एप्रिल २०२४ मध्ये रोमाचा एनडिका आणि डिसेंबरमध्ये फिओरेंटिनाचा बोव्हे कोसळला, तेव्हाही सामना त्या दिवशी पुढे गेला नाही. एरिक्सनच्या छातीत यंत्र बसवलं, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रेंटफर्डकडून परत खेळला आणि २०२४ च्या युरोत त्याने डेन्मार्कसाठी गोलही केला.

डोक्याला मार लागल्यावर तर जखमीचं स्वतःचं मतच विचारायचं नसतं. २०१४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जर्मनीच्या ख्रिस्तोफ क्रॅमरच्या चेहऱ्यावर खांदा आदळला. तो उठला आणि खेळत राहिला. थोड्या वेळाने त्याने पंच निकोला रिझोलींना विचारलं, हा अंतिम सामना आहे का? रिझोलींना वाटलं गंमत करतोय. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी जर्मन खेळाडूंना सांगितलं. मेंदू हादरलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणणारच. त्याला बाहेर पाठवण्याची जबाबदारी शेजारी खेळणाऱ्याची आहे. २०२४ पासून स्पर्धांना मेंदूच्या दुखापतीसाठी जादा बदली खेळाडू देता येतो, त्यामुळे "आमचे बदल संपले" ही सबबही चालत नाही.

आपल्याकडची एक आठवण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपचा अंतिम सामना. गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने सामन्यातला आपला दुसरा गोल केला आणि त्याच झटापटीत मोहन बागानचा गोलकीपर सुब्रत पाल याच्याशी टक्कर होऊन तो कोसळला. तो पुन्हा उठला नाही. मैदानावर तातडीच्या उपचारांची सोय अपुरी होती यावर तेव्हा खूप टीका झाली. डेम्पोने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. सुब्रत पाल तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. त्याला निलंबित केलं गेलं, आणि लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते पुन्हा लिहायची इच्छा नाही. पुढे तो भारताचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर झाला, २०१६ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या कोवळ्या वयात त्याच्या दारात कुणी कोलमन गेला होता का, हे विचारायला हवं. मेलेल्याच्या घरच्यांबद्दल हळहळ वाटणं आणि ज्याच्या हातून ते घडलं त्याच्याबद्दल काळजी वाटणं, ही दोन्ही एका वेळी मनात असू शकतात.

हे सगळं मोठ्या स्टेडियमपुरतं नाही. कोल्हापुरात तालमींचे सामने असतात तेव्हा पेठच्या पेठ शाहू स्टेडियमवर लोटते, मुंबईच्या मैदानांवर आणि गोव्यातल्या गावागावांत दर आठवड्याला शेकडो पोरं खेळतात. जितकी ईर्षा जास्त तितकी ही तयारी जास्त लागते, आणि ती फारशी खर्चाची नाही. सामन्याआधी पंच नाणेफेकीला दोन्ही कर्णधारांना बोलावतात, तेव्हाच अर्धं मिनिट जास्त घ्यावं. कुणी जबर जखमी झालं तर दोन्ही कर्णधार आपापल्या पोरांना मागे घेतील, असं तिथेच बोलून घ्यावं. छाती दाबता येणारे दोघेजण कोण, १०८ ला फोन कोण करणार, ॲम्ब्युलन्स कुठल्या गेटने येणार आणि त्या गेटची चावी कुणाकडे आहे, हे आयोजकांनी पहिल्या सामन्याआधी ठरवून भिंतीवर लावावं. प्रेक्षकांपैकी कुणी मोबाइल काढून पडलेल्या खेळाडूचं शूटिंग करत असेल, तर शेजारच्याने त्याला थांबवावं. तो व्हिडिओ त्या पोराच्या आईच्या फोनवर हॉस्पिटलच्या फोनआधी पोचतो. आणि सामना संपल्यावर संघातल्या कुणीतरी दोन फोन करावेत, एक जखमीच्या घरी, दुसरा ज्याच्या टॅकलने तो जखमी झाला त्याला. दुसरा बहुतेक वेळा राहूनच जातो.